पडद्यावरची रेघ ऑरोराची आहे हे कशावरून?

१० आणि ११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजालगत ऑरोराचा, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाचा, लाल उजेड टिपला, आणि पुढचे काही दिवस पुण्यात जो भेटेल तो विचारत होता, आपल्याकडून ऑरोरा कधी दिसणार? डोळ्यांना, जवळपास कधीच नाही. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या फार जवळ राहतो. पण ऑरोराचा बराचसा अभ्यास आज डोळ्यांनी होतच नाही. तो होतो रडारच्या नोंदींवर. या नोंदी वाचायला ध्रुवाजवळ जायची गरज नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप उघडूनही ते काम होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच एक गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. पडद्यावर उमटलेली प्रत्येक रेघ आकाशातून आलेली नसते. काही रेघा आपणच, आपल्या आकडेमोडीतून, तयार करतो. त्या वेगळ्या काढता आल्या तरच रडार वाचता आलं असं म्हणायचं.

आधी रडारला काय ‘दिसतं’ ते पाहू. प्रकाश तर नक्कीच नाही. ऑरोराच्या वेळी साधारण १०० ते ११० किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉन आणि आयन यांची फारकत होते. विद्युतक्षेत्राच्या रेट्यानं इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांना आडवे धावत सुटतात. आयन जड असतात, आणि त्या उंचीवरच्या हवेच्या रेणूंना धडकत तिथल्या तिथं अडकून पडतात. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला साधारण ३५० ते ४०० मीटरच्या पुढे गेला, की इलेक्ट्रॉनांच्या घनतेत लाटा उठतात. ही मर्यादा म्हणजे त्या उंचीवरच्या आयनवायूतला ध्वनीचा वेग. डोनाल्ड फार्ली आणि ऑस्कर बुनेमन यांनी १९६३ मध्ये स्वतंत्रपणे हे गणित मांडलं, म्हणून लाटा उठण्याच्या या प्रक्रियेला फार्ली-बुनेमन अस्थिरता म्हणतात. हीच अस्थिरता चुंबकीय विषुववृत्तावरच्या विद्युतप्रवाहातही उठते. केरळातल्या थुंब्यावरून आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी तिचा रडारनं अभ्यास केला आहे, त्यामुळे भारतीय अभ्यासकांना हा विषय परका नाही.

रडारला या लाटांपैकी ठरावीक लाटाच जाणवतात. ज्यांची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी आहे, त्याच. ५० मेगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी ६ मीटर, तेव्हा त्याला फक्त ३ मीटरच्या लाटा कळतात. १४४ मेगाहर्ट्झवर उत्तरेकडचे हॅम (म्हणजे हौशी) रेडिओवाले ऑरोरावरून सिग्नल परतवतात, तेव्हा त्यांचा संबंध एक मीटरच्या लाटांशी येतो. शिवाय या लाटा चुंबकीय रेषांच्या दिशेनं लांबलचक ताणलेल्या असतात. रडारचा झोत रेषांना जवळजवळ काटकोनात लागला तरच प्रतिध्वनी परत येतो. ध्रुवाकडे चुंबकीय रेषा जवळपास उभ्या असतात, म्हणून तिथं रडार डोक्यावर रोखून उपयोग नाही. क्षितिजालगत, काहीशे किलोमीटर लांब बघावं लागतं.

या भूमितीतून एक फुकटची कसोटी हाती लागते आणि ती वापरायला लोक हमखास विसरतात. लाटा १०० किलोमीटरच्या वर असतील, तर त्यांचं रडारपासूनचं अंतर १०० किलोमीटरपेक्षा कमी असूच शकत नाही. आणि पृथ्वी गोल असल्यामुळे १०५ किलोमीटर उंचीवरची वस्तू सरळ रेषेत फार तर ११५० किलोमीटरच्या आसपासपर्यंतच क्षितिजाच्या वर राहते. तुमच्या आलेखात ७५ किलोमीटरवर ‘ऑरोरा’ असेल, तर तो ऑरोरा नाही. उल्का असेल, विमान असेल, नाही तर तुमच्या आकडेमोडीतलं काहीतरी.

आणखी एक. रडारला प्रतिध्वनी मिळाला म्हणजे तिथं आकाश उजळलं असेलच असं नाही. झळाळत्या पट्ट्याच्या आत हवा विजेची चांगली वाहक बनते, त्यामुळे तिथलं विद्युतक्षेत्र बऱ्याचदा पडतं आणि लाटा उठत नाहीत. प्रतिध्वनी येतो पट्ट्याच्या कडेनं. कॅमेऱ्याचं चित्र आणि रडारचं चित्र तंतोतंत जुळलं नाही, तर लगेच आपली चूक धरू नका.

आता मुख्य अडचण. पल्स रडारचं तत्त्व सोपं आहे. सिंहगडाच्या कड्याशी उभं राहून हाक मारली आणि समोरच्या डोंगरावरून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजलं, की अंतर कळतं. पण पहिली हाक परत यायच्या आत दुसरी मारली, तर ऐकू आलेली हाक पहिली की दुसरी? रडारचंही तसंच होतं. सेकंदाला १०० पल्स सोडले, तर दोन पल्सांमधल्या वेळात रेडिओलहर १५०० किलोमीटरपर्यंत जाऊन परत येते. त्याच्या आतलं अंतर निःशंक मोजता येतं, आणि ऑरोरासाठी तेवढं पुरेसं आहे.

मग सेकंदाला १०० पल्स सोडून मोकळं का होत नाही? वेगामुळे. रडार वेग मोजतं ते परतलेल्या लहरीचा फेज (लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) एका पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंत किती सरकला यावरून. सेकंदाला १०० नमुने असतील, तर उणे ५० ते अधिक ५० हर्ट्झ एवढाच डॉप्लर बदल (वेगामुळे लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक) ओळखता येतो. ६ मीटर तरंगलांबीला त्याचा अर्थ सेकंदाला १५० मीटर, दोन्ही दिशांना. आणि आपल्या लाटा धावतात ४०० नं. त्यांचा डॉप्लर बदल येतो १३३ हर्ट्झ. तो १०० नं दुमडून ३३ हर्ट्झवर जाऊन बसतो, आणि आलेख शांतपणे सांगतो, वेग १०० मीटर प्रति सेकंद. ३०० मीटर वेगाच्या लाटेचं याहून वाईट होतं: तिचे १०० हर्ट्झ दुमडून थेट शून्यावर येतात. ती लाट स्थिर उभी दिसते, आणि स्थिर डोंगरांचे प्रतिध्वनी काढून टाकणारा फिल्टर तिलाही डोंगर समजून पुसून टाकतो.

बरं, मग पल्स वाढवू. सेकंदाला ५०० केले की वेगाची मर्यादा ७५० मीटरवर जाते आणि ४०० आरामात मावतो. पण आता निःशंक अंतर उरलं फक्त ३०० किलोमीटर. ७०० किलोमीटरवरचा ऑरोरा दोन पल्स मागचा प्रतिध्वनी घेऊन येतो आणि १०० किलोमीटरवर दिसतो. १५०० गुणिले १५० आणि ३०० गुणिले ७५० करून बघा, उत्तर तेच येतं: २,२५,०००. हा गुणाकार फक्त तरंगलांबी आणि प्रकाशाचा वेग ठरवतात. एक बाजू वाढवली की दुसरी तेवढीच कमी होते. ऑरोराला मात्र दोन्ही बाजू मोठ्या हव्यात. साध्या, समान अंतरानं सोडलेल्या पल्सांमध्ये तो मावतच नाही, हे एकदा नीट मनावर घेतलं की पुढच्या अर्ध्या चुका टळतात. (पावसाळ्यात आपण हवामान खात्याच्या रडारची जी चित्रं एकमेकांना पाठवतो, त्या रडारांनाही हीच ओढाताण आहे. पण ढगांना उंचीची मर्यादा असल्यानं फार लांबचे ढग क्षितिजाखाली जातात, आणि काम थोडं सोपं होतं.)

दुमडलेलं अंतर पकडायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे पल्सांचा दर किंचित बदलणं. ५०० चा ४८० करा. आता निःशंक अंतर ३१२.५ किलोमीटर झालं. खरोखर १०० किलोमीटरवर असलेली वस्तू १०० वरच राहील. ७०० वरची वस्तू मात्र १०० वरून ७५ वर सरकेल. आकाशातल्या वस्तूला आपला पल्सदर काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्यामुळे आपण मशीनमध्ये काही बदललं आणि रेघ हलली, तर ती रेघ जिथं दिसते तिथली नाही. माझ्या मते या विषयात शिकण्यासारखी एकच युक्ती असेल तर ती ही.

पण एकाच युक्तीवर विसंबूनही चालत नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं कॉलेजच्या गच्चीवर रिसीव्हर लावून पुण्यातला खरा रेडिओ गोंगाट नोंदवला आणि त्यात संगणकावर तयार केलेला ऑरोराचा प्रतिध्वनी मिसळला: अंतर ७००, वेग ४००, पल्सदर ५००. पद्धत उत्तम होती, कारण उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. तिला १०० किलोमीटरवर ४०० ची ठळक रेघ मिळाली, अपेक्षेप्रमाणे. पण ४५० मीटरलाही एक रेघ होती. बारीक, सरळ, देखणी.

“मॅडम, ही मी टाकलेलीच नाही.”

“पल्सदर बदलून बघितलास?”

“हो. हललीच नाही. म्हणजे खरी ना?”

“अगं, तुझा प्रतिध्वनी न मिसळलेली फाइल लाव. आणि उणे ४५० ला बघ काय आहे ते.”

नुसत्या गोंगाटाच्या फाइलमध्येही ती रेघ तशीच होती. उणे ४५० ला तिची जुळी बहीणही होती. शिवाय ती एका अंतरावर नव्हती, शून्यापासून ३०० किलोमीटरपर्यंत सगळीकडे होती. ६ मीटर तरंगलांबीला ४५० मीटर प्रति सेकंद म्हणजे १५० हर्ट्झ, आणि १५० हर्ट्झ म्हणजे आपल्या घरच्या ५० हर्ट्झ विजेची तिप्पट. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवलं आणि रेघ गेली. वीज ६० हर्ट्झची असलेल्या कॅनडा-अमेरिकेत तर हा फसवेपणा आणखी वाढतो: तिथं दुप्पट म्हणजे १२० हर्ट्झ, आणि ते होतात ३६० मीटर प्रति सेकंद, म्हणजे फार्ली-बुनेमन लाटांच्या ऐन वेगापाशी. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून ‘बरोबर जुळतंय’ म्हणावं असा आकडा. म्हणून ट्रान्समीटर बंद ठेवून घेतलेली नोंद प्रत्येक मोजणीसोबत हवीच. त्या नोंदीत जे दिसतं ते आकाशातून परतलेलं नाही, मग ते कितीही सुंदर जुळो.

स्वस्त एसडीआर (बरंचसं काम सॉफ्टवेअरनं करणाऱ्या) रिसीव्हरची आणखी दोन लक्षणं घरीच बघता येतात. पडद्याच्या बरोबर मध्यभागी कायम दिसणारा सुळका हा रिसीव्हरच्या स्वतःच्या स्थिर व्होल्टेजचा असतो. रडारच्या आलेखात तो शून्य वेगावर जाऊन बसतो. आणि रिसीव्हरमधल्या दोन शाखा अगदी सारख्या नसल्या, तर प्रत्येक जोरकस सिग्नलची फिकट प्रतिमा मध्याच्या दुसऱ्या बाजूला उमटते. पुण्यातलं कुठलंही जोरदार एफएम स्टेशन मध्यापासून जरा बाजूला ठेवा, समोरच्या बाजूला त्याचं फिकट रूप बहुधा सापडेल. ऑरोराच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो की रडारकडे येणाऱ्या लाटांसोबत दूर जाणाऱ्या लाटाही ‘सापडतात’. दोन विरुद्ध दिशांचे प्रवाह शेजारी शेजारी खरोखरही असू शकतात, म्हणून प्रश्न अवघड. पण प्रतिमा मूळ रेघेच्या प्रत्येक चढउताराबरोबर चढते-उतरते आणि ठरावीक डेसिबेलनंच (ताकदीच्या गुणोत्तराचं माप; १० डेसिबेल म्हणजे दहापट) कमी असते. निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो.

आता एफएफटीबद्दल, म्हणजे नमुन्यांतून वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या आकडेमोडीबद्दल. नमुन्यांचा तुकडा घेऊन आपण त्यातली वारंवारता काढतो, तेव्हा तुकड्याच्या दोन्ही टोकांना सिग्नल अचानक कापला जातो. त्या कापामुळे प्रत्येक जोरदार रेघेची ताकद आजूबाजूला सांडते. काहीच उपाय केला नाही, तर शेजारचा पहिला उंचवटा मूळ रेघेपेक्षा फक्त १३ डेसिबेलनं कमी असतो. डोंगरांचा प्रतिध्वनी ऑरोरापेक्षा ४० डेसिबेल जास्त असू शकतो, मग त्याच्या सांडलेल्या उंचवट्यांखाली ऑरोरा बुडून जातो. किंवा उलट, ते उंचवटेच कुणीतरी मंदगती ऑरोरा म्हणून मोजतो. हान विंडो लावली, म्हणजे तुकड्याची टोकं हळूहळू शून्याकडे नेली, की पहिला उंचवटा ३१ डेसिबेलपर्यंत खाली जातो, पण रेघ थोडी जाड होते. जाड रेघेची किंमत मी नेहमी आनंदानं मोजते. तुकड्यापुढे शून्यं जोडून आलेख गुळगुळीत करण्याची सवय मात्र सोडा. ०.१ सेकंदाच्या तुकड्यातून १० हर्ट्झपेक्षा, म्हणजे आपल्या उदाहरणात ३० मीटर प्रति सेकंदापेक्षा बारीक तपशील मिळत नाही. शून्यं जोडल्यानं वक्र नितळ दिसतो, माहिती एका कणानंही वाढत नाही.

गोंगाटातून जन्मणारे ठिपके हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण एक आकडा इथं सांगितलाच पाहिजे. ५१२ वेगांचे कप्पे आणि २०० अंतरांचे कप्पे घेतले, तर आलेखात एक लाखाहून जास्त चौकटी होतात. निव्वळ गोंगाटाच्या, सरासरी न काढलेल्या आलेखात एखाद्या चौकटीची ताकद सरासरीच्या दहापटीहून जास्त असण्याची शक्यता लाखात साडेचार असते. म्हणजे आकाशात काहीही नसताना दर आलेखात १० डेसिबेलचे चार-पाच ठसठशीत ठिपके येणारच. रंगपट्टी आपोआप ठरू दिली तर ते लालभडक दिसतात. असे ६४ आलेख घेऊन सरासरी काढली की गोंगाटाचा चढउतार आठपट कमी होतो आणि ठिपके विरघळतात. दोन आलेखांतले रंग ताडून बघायचे असतील तर रंगपट्टी हातानं बांधून टाका.

अंतर आणि वेगाच्या ओढाताणीतून सुटका मिळते ती समान अंतराचे पल्स सोडून दिल्यावर. फार्ली यांनीच १९७२ मध्ये असमान अंतरानं सोडलेल्या पल्सांची पद्धत मांडली. पल्सांच्या जोड्यांमधलं अंतर दरवेळी वेगळं असतं, त्यामुळे कुठला प्रतिध्वनी कुठल्या पल्सचा हे सांख्यिकीनं सोडवता येतं. ध्रुवीय प्रदेशांवर नजर ठेवणारं सुपरडार्न रडारांचं जाळं असेच पल्स वापरतं. त्याचीही किंमत आहे: काही जोड्यांमध्ये रडार स्वतःच बोलत असतं तेव्हा त्याला ऐकू येत नाही, काहींमध्ये दुसऱ्या अंतरावरचा प्रतिध्वनी मिसळतो. त्या जोड्या ओळखून वगळाव्या लागतात. न वगळता बसवलेला वक्र बसतो छान, आणि वेग चुकीचा देतो.

दुसरा मार्ग म्हणजे पल्स न सोडता सतत, पण यादृच्छिक कोड लादलेली लहर सोडायची. सस्कॅचेवान विद्यापीठाचं ४९.५ मेगाहर्ट्झवर चालणारं आइसबेअर रडार असं काम करतं. परतलेल्या लहरीची कोडशी तुलना केली की प्रत्येक अंतर वेगळं होतं, आणि दुमडण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. त्याऐवजी नवा प्रश्न येतो. कोडमध्ये १०,००० तुकडे असतील, तर एका अंतरावरच्या प्रतिध्वनीची साधारण दहा हजारावा भाग ताकद बाकीच्या सगळ्या अंतरांवर पसरते. ५० डेसिबेलचा प्रतिध्वनी आला की सगळ्या आलेखाचा तळच १० डेसिबेलनं वर येतो. इथं माझी आवडती चाचणी आहे: तोच डेटा जाणूनबुजून चुकीच्या कोडनं उलगडा. रेघ गेली पाहिजे. चुकीच्या कोडनंही रेघ दिसत असेल, तर ती तुमच्या ट्रान्समीटरमधून आलेलीच नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन सार यांनी तर स्वतःचा ट्रान्समीटरच ठेवला नाही. सिएटलच्या एफएम स्टेशनांची लहर ऑरोराच्या लाटांवरून परतते, ती त्यांनी डोंगररांगेपलीकडे मानास्टॅश रिजवर ऐकली. मधल्या डोंगरांनी थेट येणारा सिग्नल अडवला. तिथं संगीत हाच कोड. निवेदक क्षणभर थांबला तर कोडमध्ये वैविध्यच उरत नाही आणि अंतराचं चित्र धूसर होतं. अशा रडारच्या आलेखात ठरावीक क्षणी सगळंच पसरट झालं, तर आकाशाआधी कार्यक्रम तपासावा.

इतकं सगळं शंकेखोर बोलल्यावर उलट बाजूही सांगायला हवी. काही खऱ्या गोष्टी कृत्रिम वाटतात. विद्युतक्षेत्र वाढलं आणि इलेक्ट्रॉन सेकंदाला १००० मीटरच्या पुढे धावू लागले, तरी लाटांचा डॉप्लर वेग बऱ्याचदा ४०० च्या आसपासच अडकून राहतो. पडद्यावर तासभर एकाच जागी सरळ रेघ. नवशिक्याला वाटतं, यंत्रात काहीतरी बिघडलं. तो बिघाड नाही, ती लाटांची स्वतःची मर्यादा आहे. चुंबकीय वादळ जोरात आलं की इलेक्ट्रॉन तापतात आणि रेघ हळूहळू वर सरकते. विजेची १५० हर्ट्झ कधी तापत नाही. म्हणून या रेघेवरून थेट इलेक्ट्रॉनांचा वेग सांगू नये, आणि ती संशयानं पुसूनही टाकू नये.

हे सगळं पुन्हा तपासता यावं यासाठी एकच गोष्ट हातात असावी लागते: कच्चे नमुने. आलेखाचं चित्र जपून ठेवून भागत नाही. चित्रात विंडो, सरासरी, रंगपट्टी, वगळलेल्या जोड्या सगळं आधीच मुरलेलं असतं. सेकंदाला एक लाख जटिल (दोन आकड्यांच्या जोडीचे) नमुने, प्रत्येकी ४ बाइट, असं धरलं तर दिवसाला साधारण ३५ जीबी होतात. आजच्या एका साध्या हार्ड डिस्कवर महिनाभराच्या नोंदी मावतात. फाइलसोबत पल्सदर, कोड, रिसीव्हरचा गेन (सिग्नल किती पट वाढवला ते), घड्याळ कशाशी जुळवलं होतं आणि ट्रान्समीटर नेमका कधी बंद होता, एवढं साध्या मजकुरात लिहून ठेवा. गेन आपोआप बदलणारी सोय बंद करून हातानं ठरवा, नाहीतर जोरदार प्रतिध्वनी आला की रिसीव्हर स्वतःच आवाज कमी करतो आणि त्याच क्षणी बाकी सगळं आकाश मंदावलं असं नोंदीत उतरतं.